झाडीचा मंच आणि हक्काचा कागद

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलालगत बोदलकसा आहे. १९१७ साली बांध घालून झालेला तलाव, भोवती डोंगर आणि रान, हिवाळ्यात उतरणारी पाखरे, राहायची सोय. पर्यटनाच्या जाहिरातीत बोदलकसा एवढ्यावर संपते. त्या पाण्यात जाळे टाकणारे ढिवर, तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्यांत धानाची रोवणी करणाऱ्या बाया, मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणारी गोंड कुटुंबे या चित्रात नसतात. त्यांना कोणी मुद्दाम खोडलेले नसते. चित्र काढणाऱ्याला ती सुचलेलीच नसतात. हक्क नाकारण्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. समोरचा माणूस दिसतो, पण त्याचेही काही येणे आहे हे मनात येत नाही.

मग ते मनात येते कशाने? कायद्याचे कलम वाचून, की गोष्ट ऐकून, नाटक पाहून, गाणे गाऊन? हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. त्याचा आढावा इथे घ्यायचा आहे तो झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात उभे राहून. रात्रभर चालणारी नाटके, दंडार, खडी गंमत, गोंडी कथा यांनी हा मुलूख भरलेला आहे आणि खैरलांजीचे दलित हत्याकांडही याच मुलखात घडले. जिथे कला भरपूर तिथे हक्कांची समज खोल, हे सोपे गणित इथे पहिल्याच पायरीवर मोडते. म्हणून पुढच्या प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारू: गोष्ट कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि ऐकल्यावर काय हलते?

वाचकाच्या डोळ्यांतले पाणी

कल्पनाशक्तीच्या बाजूने सर्वांत गाजलेली मांडणी अमेरिकन इतिहासकार लिन हंट यांची. 'इन्व्हेंटिंग ह्यूमन राइट्स' या २००७ च्या पुस्तकात त्या म्हणतात की अठराव्या शतकातल्या पत्ररूप कादंबऱ्यांनी युरोपचे मन हक्कांसाठी तयार केले. रिचर्डसनची 'पामेला' (१७४०) ही एका मोलकरणीच्या पत्रांची कादंबरी. रूसोची 'ज्यूली' १७६१ ची. मोलकरणीच्या मनातली घालमेल मोठ्या घरांतल्या वाचकांनी तिच्याच शब्दांत वाचली आणि आपल्यासारखेच मन तिलाही आहे हे त्यांच्या ध्यानात आले. फ्रान्सचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १७८९ मध्ये आला तो अशा सवयीने मऊ झालेल्या जमिनीत. तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टी यांनी १९९३ मध्ये याच अंगाने असे म्हटले की हक्कांचा प्रसार युक्तिवादापेक्षा भावनांच्या शिक्षणाने होतो. मार्था नुसबॉम यांनी १९९५ च्या 'पोएटिक जस्टिस'मध्ये न्यायाधीशांनाही कादंबरी वाचण्याची शिफारस केली.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. त्याच कादंबऱ्या वाचणाऱ्या युरोपात गुलामांचा व्यापार जोरात होता. सर्व माणसे समान असल्याचे १७७६ मध्ये लिहिणारे थॉमस जेफर्सन स्वतः गुलामांचे मालक होते. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये 'अगेन्स्ट एम्पथी' या पुस्तकात दाखवले की सहानुभूती पक्षपाती असते. ती एका चेहऱ्यावर थबकते आणि हजारांच्या दुःखाला पाठमोरी होते. प्रयोगांचेही तसेच झाले. साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. तीन वर्षांनी इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो निकाल हाती लागला नाही. चांगले वाचले की माणूस न्यायी होतो, ही समजूत लेखकांना आवडते. पुरावा तिच्या मागे उभा राहत नाही.

या साऱ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वाचक सुखवस्तू आहे, दुःख दुसऱ्याचे आहे आणि प्रश्न एवढाच आहे की वाचकाला कळवळा येतो की नाही. मराठीचा अनुभव इथे वेगळा पडतो.

मराठीची वाट

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबिणीला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, तिचा भोळा नवरा आणि मधून मधून टोचून बोलणारा विदूषक. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात. या नाटकात प्रेक्षकाने कुणबिणीची कीव करावी अशी मागणी नाही. कुणब्याने आपली फसवणूक नेमकी कुठल्या पायरीवर होते ते ओळखावे, ही मागणी आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारले आणि ते छापून आले १९७९ मध्ये, सव्वाशे वर्षांनी. त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. आपल्या जातीला धर्म कोणता, हा प्रश्न तिने थेट देवाला आणि समाजाला टाकला. पुढे फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. पुण्यातल्या शूद्राची आणि दूरच्या आफ्रिकी गुलामाची स्थिती एकाच ओळीत मांडणे, हे कल्पनाशक्तीचे केवढे तरी मोठे काम होते.

नंतरची वाट परिचयाची आहे, म्हणून भराभर पाहू. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि सरकारलाही दिसला. १९१० मध्ये बंदी आली. सत्यशोधक जलशांनी आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी पाणवठ्याचा, मंदिराचा, शिक्षणाचा हक्क ढोलकीवर बसवला. नागपूरकडच्या किसन फागू बनसोड्यांनी कवितेतून तोच धागा धरला. बाबूराव बागुलांच्या कथा (१९६३), नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) यांनी मराठी वाचकाला घरात निवांत बसू दिले नाही. दळण दळताना बायांनी रचलेल्या ओव्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. कोर्टात कधी न नोंदलेल्या साक्षी तिथे आहेत.

या परंपरेत सांगणाराच हक्कदार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले की दुसऱ्याचेही बदलते. गोष्ट आधी आपल्याच माणसांना सांगितलेली असते, परक्याला ती नंतर ऐकू येते. शहाद्याकडचे भिल्ल कार्यकर्ते-कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच हा आहे की आदिवासींचे दुःख मंचावरून भलतेच सांगत राहिले. दया आणि दावा यांच्यातले अंतर ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी लिन हंट यांच्याबरोबर वाहरू सोनवणेही वाचावेत.

झाडीचा मंच

आता झाडीत येऊ. मंडई म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती ठरल्या की गावात नाटक ठरते. मंडळाने वडशाच्या एखाद्या कंपनीला विसार दिलेला असतो. दिवसा बाजार आणि बैल, रात्री पेंडॉल. लेकी माहेरी आलेल्या, घरे पाहुण्यांनी भरलेली, सोयरिकींची बोलणी त्याच गर्दीत चाललेली. तिकीट काढून लोक जमिनीवर बसतात, मंचापुढे ऑर्गन आणि तबला सरसावतो आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडतो. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हा हंगाम मुख्यतः तिकिटावर चालतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच रसिकांना ही रंगभूमी असल्याचे कळले.

तिचे विषय पाहा: हुंडा, दारू, सावकाराने गिळलेली जमीन, कर्जबाजारी शेतकरी, परित्यक्ता, भोंदूबाबा, नक्षलवादी आणि पोलिस यांच्या मधोमध सापडलेले घर. मानवी हक्कांच्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका यापेक्षा फार निराळी नसते. सावकार मंचावर आला की पेंडॉलमधून शिव्या येतात, सुनेला जाळायला निघालेल्या सासूला बाया बसल्या जागेवरून सुनावतात. अन्याय ओळखण्यात हा प्रेक्षक कुठेच कमी पडत नाही.

कमतरता शेवटच्या अंकात आहे. सावकाराला पश्चात्ताप होतो, नाहीतर नायक त्याला लोळवतो. एकतर मन पालटते, नाहीतर मूठ जिंकते. तहसील, ग्रामसभा, कोर्ट, सातबारा, अर्ज आणि त्याची पोच यांना नाटकात फारशी जागा नसते. पोलिस येतो तो बहुधा पडद्याच्या आधी बेड्या घालायला. पण हक्क कशाला म्हणायचे? समोरच्याचे मन पालटले नाही आणि आपल्याकडे पैलवान भाऊ नसला, तरीही जे मिळायला हवे, त्याला. झाडीच्या मंचाने अन्यायाचे दर्शन घडवले, हक्काचे मात्र अर्धेच. हा दोष एकट्या झाडीचा नाही. मुंबईच्या सिनेमानेही तेच केले. फरक इतकाच की सिनेमाच्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी त्याच सावकाराच्या दारात जायचे नसते.

खडी गंमत या बाबतीत जास्त धीट. उभ्या-उभ्या सादर होणारा हा प्रकार भंडारा-गोंदियात मुरलेला आहे. शाहीर, ढोलकी, बाईच्या वेशातला नाच्या आणि सवाल-जवाब. गावचा पाटील पुढ्यात बसलेला असताना गंमतवाला त्याच्या चालीची, बोलीची, कंजूषपणाची नक्कल करतो आणि पाटलालाही हसावे लागते. ब्राझीलचे आगुस्तो बोआल यांनी 'पीडितांची रंगभूमी' उभारली ती प्रेक्षकाला मंचावर आणून; गंमतवाला पाटलाला बसल्या जागी मंचावर आणतो. पण हा परवाना रात्रीपुरता असतो. उजाडल्यावर तोच कलावंत त्याच पाटलाच्या बांधीत मजुरीला जातो आणि तिथे नक्कल चालत नाही. कलेने मिळालेली मुभा आणि कायद्याने मिळालेला हक्क यांच्यातला फरक इतक्या उघड रीतीने दुसरीकडे क्वचित दिसतो.

जादूटोण्याचे उदाहरण आणखी बोचरे आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावी, करणीच्या संशयावरून वृद्ध दलित स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारहाण झाली. भोंदूबाबाची फजिती दाखवणारी नाटके झाडीने कमी पाहिलेली नाहीत. बाबाला हसणे सोपे असते, कारण बाबा बाहेरचा. ज्या म्हातारीवर आळ आला ती शेजारची असते, आणि आळ घेणारे हात प्रेक्षकांतल्याच कुणाचे तरी असतात. त्या म्हातारीच्या घरातली ती रात्र रंगवणारे नाटक लिहायला बाबाच्या नाटकापेक्षा जास्त हिंमत लागते.

गुहेतली किंगरी

कला माणसाला सोडवते, हा विचार गोंदिया जिल्ह्याने युरोपकडून उसना घेतलेला नाही. सालेकसा तालुक्यात धनेगावजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड समाज इथे लोटतो. गोंडी कथेचे अनेक पाठ आहेत. त्यांतल्या एकात काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली जातात, दारावर प्रचंड शिळा बसते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला येतात. बळाने काम होत नाही. तेव्हा हिरासुका पाटालीर हा वादक किंगरी छेडतो, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ येते आणि ती स्वतःच शिळा ढकलतात. शिळा कोसळते ती वादकावर आणि तो त्याखाली जातो.

या कथेत पुढच्या चर्चेचे सगळे धागे आहेत. वादक मुलांना बाहेर ओढून काढत नाही. त्याच्या सुराने मुलांना आपले बळ कळते. आणि सूर लावणाऱ्याला किंमत मोजावी लागते. कथा सांगणारा समाज ती दंतकथा म्हणून सांगत नाही, वंशावळ म्हणून सांगतो. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचारगडच्या यात्रेला आजचे रूप दिले तेव्हा त्यामागे भाषेचा, धर्माच्या नोंदीचा, आपला इतिहास आपण सांगण्याचा दावा होता. धनेगावच्याच परिसरात सुन्हेरसिंह ताराम 'गोंडवाना दर्शन' मासिक चालवत राहिले आणि उषाकिरण आत्राम गोंडी-मराठीतून लिहीत आल्या. गोंडी भाषा मात्र अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा उघडली तेव्हा प्रशासनाने तिला अनधिकृत ठरवले आणि प्रश्न कोर्टात गेला. १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याचे २७ वे कलम सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क सांगते. गोंडी मुलाच्या बाबतीत त्या कलमाचा अर्थ घरची भाषा वर्गात बोलण्याइतका साधा आहे.

जिथे कल्पना अपुरी पडली

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजी गावात, भोतमांगे कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावाने मारून टाकले. वडील भैयालाल तेवढे वाचले. ही बातमी महाराष्ट्रभर पोचायला आठवडे लागले. ती पोचली मोर्च्यांमुळे. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. भैयालाल २०१७ मध्ये वारले.

या प्रकरणात कल्पनाशक्ती दोनदा कमी पडली. पहिल्यांदा गावात. मारणारे आणि बघणारे याच मंडईत नाटके पाहणारे लोक होते. मंचावरच्या सुनेसाठी त्यांचे डोळे पाणावत असतील, पण शेजारच्या बौद्ध बाईने आपल्या जमिनीवर ठामपणे उभे राहावे आणि मुलीला शिकवावे, हे त्यांच्या मनात बसले नाही. दुसऱ्यांदा व्यवस्थेत. गुन्हा दिसला, पण त्यातली जात दिसली नाही. लोक निर्दय असतात तेव्हा कला त्यांना कोमल करील, हा हंट-रॉर्टींचा भरवसा इथे टिकत नाही. सहानुभूती होतीच, ती जातीच्या धुऱ्यावर येऊन थांबली.

कलेने नंतर काय केले? प्रज्ञा दया पवार यांनी 'धादांत खैरलांजी' हे नाटक लिहिले. आनंद तेलतुंबडे यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरच्या गाण्याची आठवण देते. फुल्यांनी जोडलेला धागा तिथे पुन्हा जोडला गेला. गावोगावच्या शाहिरांनी गाणी रचली. या साऱ्यांनी निकाल बदलला नाही. पण फाइलीत जी जात मावली नाही ती सार्वजनिक स्मृतीत पक्की केली, आणि खैरलांजी हे गावाचे नाव न राहता एका प्रश्नाचे नाव झाले. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे काय हलले याचे, उत्तर इथे मर्यादित आहे, पण शून्य नाही.

दुसरे उदाहरण गुरे राखणाऱ्या गोवारींचे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. मागणी अनुसूचित जमातीच्या दाखल्याची होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती मान्य केली, १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दिवाळीत भंडारा-गोंदियाच्या गावांत गायगोधनाचा मान गोवारींचाच असतो. ढाल नाचते, दोहे होतात, गायी खेळवल्या जातात आणि सगळे गाव पाहायला जमते. गावाला गोवारी लागतो तो या दिवशी. त्याच गोवारीला दाखल्यासाठी रस्त्यावर यावे लागते तेव्हा गावाला तो परका असतो. कलेला मान आणि कलावंताला नकार ही आपली जुनी रीत आहे, आणि कलेमुळे माणूस कळतो असे म्हणणाऱ्याने ती विसरू नये.

पाखरे दिसली, माणसे राहिली

बोदलकसा ज्या रानात आहे त्या रानाला मराठीत मोठा लेखक मिळाला. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांध-नागझिऱ्याची पाखरे, झाडे, पाणवठे मराठी घरांत आणले. गोंड आणि ढिवर हे त्यांच्या लेखनात जाणकार म्हणून येतात, हे त्यांचे मोठेपण. वाचकांनी मात्र पाखरे उचलली. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला आणि रानाविषयीचे प्रेम वाघाविषयीच्या प्रेमात आटोपले. गोंदियाच्या सारसांची उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली, ते योग्यच झाले. पण सारस जगतो धानाच्या बांधीत आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या काठी. त्या बांधीवाल्याची आणि तलावावरच्या ढिवराची दखल कोणी आपणहून घेत नाही, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो.

त्या अर्जाची गोष्ट या आढाव्यात सर्वांत महत्त्वाची ठरते. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या दप्तरांत गावाचे पाण्यावरचे, चराईवरचे, सरपणावरचे हक्क नोंदलेले आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नोंदी दप्तरात पडून राहिल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासळी, चराई आणि गौण वनोपजावरचे सामुदायिक हक्क पुन्हा मान्य केले. आणि २००८ च्या नियमांतल्या तेराव्या नियमाने पुराव्याच्या यादीत एक विलक्षण गोष्ट घातली: गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन. त्याच्या जोडीला जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने, मासेमारीच्या जागा, कंदमुळे गोळा करण्याची ठिकाणे. म्हणजे म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट इथे कायद्याने पुरावा मानली.

वनहक्क समिती नकाशा करायला बसते तेव्हा काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. जमीन सारवून किंवा झाडून घेतात. चुन्याने नाला, कोळशाने डोंगराची धार, पानांनी मोहाची झाडे, खड्यांनी देव. एक जण म्हणतो हिरवा देव नाल्याच्या अलीकडे, दुसरी म्हातारी त्याला उठवून पलीकडे ठेवते आणि तिच्या लग्नाच्या साली तिथे काय झाले ते सांगते. कुठल्या बोडीत कोणत्या महिन्यात कोणती मासळी, तेंदूच्या फळीवर जायची वाट कोणती, ढोरे कुठे बसत, हे बोलता बोलता खाली उतरते. मग कोणीतरी तरुण ते कागदावर घेतो, सह्या-अंगठे होतात आणि कागद उपविभागीय समितीकडे जातो. कथा, चित्र आणि स्मृती यांचा एवढा काटेकोर उपयोग दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात होत असेल असे वाटत नाही. सांगणारा हक्कदार आहे, ऐकणारे दप्तर ऐकायला कायद्याने बांधलेले आहे आणि ऐकल्यावर जमिनीचा ताबा हलतो. आपल्या तिन्ही प्रश्नांना इथे एकदम उत्तर मिळते.

मेंढा-लेखा या गडचिरोलीच्या गावाला २००९ मध्ये सामुदायिक वनहक्क मिळाला त्याआधी गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले होते. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आज पाठ झालेली आहे. ती पहिल्यांदा उच्चारली गेली तेव्हा मात्र ती कल्पनेची मोठी धाडसी झेप होती, कारण त्या वेळी गावाच्या हाती एकही कागद नव्हता. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांबरोबर तलावांत मूळच्या पाणवनस्पती लावण्याचे काम केले, तेही ढिवरांच्या आठवणीतला तलाव प्रमाण मानून. आधी मनात तलाव उभा राहिला, मग पाण्यात.

सुराची किंमत

सूर लावणाऱ्यावर शिळा कोसळते, हे कचारगडच्या कथेने आधीच सांगून ठेवले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या सिनेमात एका शाहिरावर खटला चालतो. गटारात उतरणाऱ्या कामगाराने त्याचे गाणे ऐकून जीव दिला, असा आरोप. शाहीर झाले होते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार, 'विद्रोही'चे संपादक; २०२१ मध्ये करोनाने ते गेले. सिनेमा गाण्यापेक्षा कोर्टाच्या कंटाळवाण्या तारखांवर जास्त वेळ रेंगाळतो. हक्क पुष्कळदा लाठीने नव्हे, तारखेने तुडवला जातो, हे मराठी पडद्यावर इतके नेमके क्वचितच आले असेल. झाडीच्या नाटकात जे कार्यालय दिसत नाही ते इथे मधोमध येऊन बसले आहे.

झाडीच्या कलावंतांचे स्वतःचे हक्कही या प्रश्नाचाच भाग आहेत. रात्री प्रयोग, दिवसा गाडीत झोप, हंगामाबाहेर मजुरी. करोनाच्या काळात प्रयोग थांबले तेव्हा कमाईच थांबली. अलीकडे नाटकाऐवजी नाच-गाण्याच्या 'हंगाम्या'ला मागणी वाढल्याची तक्रार रंगकर्मीच करतात. जो मंच दुसऱ्यांच्या अन्यायावर रात्र जागवतो त्याच्यावरच्या नटीला मानधनाची लेखी पावती मिळते का, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही.

हाती काय लागते

एवढ्या फेरफटक्यानंतर काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. कलेने माणूस आपोआप न्यायी होतो, याला ना प्रयोगशाळेत भक्कम पुरावा आहे, ना खैरलांजीच्या परिसरात. परक्याच्या दुःखाने आलेले रडू हे हक्काच्या जाणिवेचे पहिले पाऊल असू शकते, पण ते जात, नाते आणि गाव यांच्या सीमेवर थांबते. ज्याचा हक्क त्याच्या हाती गोष्ट आली की दयेचे दाव्यात रूपांतर होते. मुक्ता साळवेपासून कचारगडपर्यंत हे दिसते. आणि दावा ऐकून घेणारे, पोच देणारे, उत्तराला बांधलेले दप्तर असेल तरच त्या दाव्याने काही हलते. तेरावा नियम हे त्याचे या भागातले सर्वांत चांगले उदाहरण आहे.

यातून झाडीच्या लेखकांपुढे एक काम उरते. सावकाराचा पश्चात्ताप आता पुरे. ग्रामसभेची बैठक, वनहक्काचा फेटाळलेला अर्ज, जात प्रमाणपत्राच्या खिडकीवरची रांग, आळ आलेल्या म्हातारीचे घर यांत नाट्य काही कमी नाही, आणि पेंडॉलमधल्या प्रत्येकाने ते भोगलेले किंवा भोगवलेले असते. न्याय देणे हे नाटकाचे काम नव्हे. न्याय मागणाऱ्याला गावाने माणूस म्हणून ओळखावे, एवढे नाटकाने केले तरी खूप झाले. पुढचे काम तहसिलीचे आणि कोर्टाचे. ते त्यांनी केले नाही तर दोष नाटकाला देऊ नये. केले नाही, यावर मात्र पुढच्या मंडईला नाटक जरूर लावावे, आणि पहिल्या रांगेत तहसीलदाराला बसवावे.